बिराचा शेरा

११ मार्च १९७४, सोमवार

धुळवडीची सुट्टी संपून गिरणी आज सुरू झाली. ऑफिसात पाय ठेवतो तोच बातमी. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मागच्या फाटकाकडून दोन चोर आत आले. गिरणी बंद, तिकडे चिटपाखरू नसतं. शेडमधलं तांब्याच्या तारेचं भेंडोळं नेलं. आणि पहाऱ्यावर कोण? आमचा बिरा! बाकी अकरा वॉचमन असताना चोरांना नेमका हाच मुहूर्त सापडावा.

दहा वाजता आमच्या साहेबांनी, म्हणजे सा.नी, चौकशी लावली. मी टिपणं घ्यायला. बिराचा ओठ फाटून टम्म सुजलेला, टोपी हातात, नजर जमिनीवर.

सा. : शिट्टी का नाही वाजवलीस?

बिरा : फुकली की सायेब. वाजलीच न्हाय. तोंडात थुकीच न्हवती.

सगळे हसले. मीही हसलो. आता लिहिताना वाईट वाटतंय, पण तेव्हा हसलो खरं.

चादरींच्या गोडाऊनच्या दारात तो उभा होता. एकाने चाकू दाखवला, दार सोड म्हणाला. याने सोडलं नाही. म्हणजे शूरपणा वगैरे काही नाही, स्वतःच सांगतो, "पाय उचललंच न्हाईत." तोंडावर ठोसा बसला तरी हा तिथेच. शेवटी ते कंटाळून शेजारच्या शेडमधली तार घेऊन गेले. त्यानंतर पाळी बदलेपर्यंत अडीच तास हा त्याच दारात, रक्त गळतंय, तसाच उभा. रखमाजी पाळीवर आला तेव्हा त्याने याला हाताला धरून खाली बसवलं.

दोन वर्षं बदली म्हणून, कायमचा माणूस नसेल त्याच्या जागी, राबतोय. यंदा परमनंट होणार होता. कर्म म्हणायचं, दुसरं काय.

१३ मार्च, बुधवार

रंगपंचमी. संध्याकाळी बिरा घरी आला. नेहमीसारखा ओट्यावरच टेकला, आत ये म्हटलं तरी येत नाही. अण्णा, माझे वडील, आत मागावर होते, खटखट चालू होती. आईने त्याच्या ओठाला हळद-तेल लावलं. तिला याचं फार. तिचं मराठी तोडकंमोडकं, याला तेलुगूचं एक अक्षर येत नाही, तरी दोघं तासतास बोलतात. काय बोलतात देव जाणे.

मी म्हटलं, अरे निदान ओरडायचंस तरी. तर म्हणाला (मलाही तो अण्णाच म्हणतो), "अण्णा, मी ल्हानपनापासनं आसाच हाय. आमच्यात मेंढरू बुजतं बगा, तसं माजं हुतं. बुजलं की जागचं हालत न्हाय, कितीबी हाना." आणि स्वतःच हसला. ओठ दुखला म्हणून लगेच थांबला.

बहात्तरला दुष्काळात याची मेंढरं गेली, म्हणून सांगोल्याकडून इथे आला. बायको नि पोरगी तिकडेच, बायकोच्या भावांकडे. परमनंट झाला की गिरणीच्या चाळीत खोली मिळते. दर भेटीत ती खोली मला दाखवून आणतो, बाहेरूनच. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आता मला पाठ झालं आहे.

२२ मार्च, शुक्रवार

वार्षिक शेरे. पहारा खात्याची अकरा माणसं नि हा बदलीवाला बारावा. सा.च्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हापासून पद्धत ठरून गेली आहे : ते मराठीत सांगतात, मी इंग्रजी करतो, टाइप करतो, मी बोट ठेवीन तिथे ते सही करतात. बाहेर कुणाला ठाऊक नाही. सगळ्या गिरणीत सा.च्या इंग्रजीचं नाव आहे. ते इंग्रजी माझं!

बिराचं आलं तेव्हा थांबले. म्हणाले, "प्रामाणिक आहे. वेळेवर येतो. पण भित्रा आहे हो, ते लिहायला पाहिजे. चोरी झालीय, मुंबईच्या हेड ऑफिसचे विचारतील. चांगल्या इंग्रजीत घाला काय ते."

भित्रा. माझ्यासमोर दोन शब्द उभे राहिले. टिमिड आणि कॉवर्ड. शाळेचा छोटा कोश काढला, त्यात दोन्हीपुढे एकच : भित्रा. मग डोकं चालवलं. टिमिड म्हणजे मुळातला स्वभाव. स्वभावाला औषध नाही. आज भ्याला तो उद्याही भिणार, असल्याला पहाऱ्यावर कोण कायम करील? कॉवर्ड त्या मानाने एका वेळेचं. शाळेत आमचे मास्तर रोज कुणाला तरी कॉवर्ड म्हणायचे, नि दुसऱ्या दिवशी त्यालाच मॉनिटर करायचे. त्यात कायमचं काही नाही. म्हणून टाइप केलं : प्रामाणिक, वक्तशीर, मात्र एका प्रसंगी कॉवर्ड ठरला. "एका प्रसंगी" हे मी पदरचं घातलं. बिराला वाचवलं म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

तीन प्रती. सही झाली. जावक नंबर पडला. दुपारच्या टपालात मुंबईला.

आईने विचारलं आज एवढा खुशीत का. म्हटलं काही नाही, काम चांगलं झालं.

२३ मार्च

खरं लिहायचं तर आणखी एक. कॉवर्ड शब्द मला कानाला बरा वाटला. टिमिड पुचाट वाटतो. सा.च्या नावाने जाणाऱ्या कागदात वजनदार शब्द असावा असंही मनात होतं. बिराचं भलं नि माझी हौस, दोन्ही एकदम. जाऊ दे.

२६ एप्रिल, शुक्रवार

मुंबईचा लखोटा. मीच फोडला, मीच फोडतो.

बिराला कायम करण्याचा प्रश्नच नाही, उलट कामावरून का काढू नये याचं पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. कारण, गिरणीच्या स्थायी आदेशांप्रमाणे पहाऱ्यावरच्या माणसाने कॉवर्डपणा दाखवणं हा गुन्हा आहे. दारू पिऊन पहारा, झोपून पहारा, आणि कॉवर्डपणा. एकाच ओळीत. खुद्द त्याच्या साहेबांनीच तसा शेरा दिला आहे, तेव्हा वेगळ्या चौकशीची गरज नाही.

ते स्थायी आदेशांचं पुस्तक सहा वर्षं माझ्या टेबलावर आहे. मी त्यावर चहाचा कप ठेवतो. आज उघडलं. कपाचे गोल डाग पानोपान झिरपले आहेत, नि त्याच डागाखाली ते कलम. भित्रेपणाबद्दल, टिमिडबद्दल कुठे अवाक्षर नाही. टिमिड माणसाला फार तर फाटकावरून उचलून रजिस्टरवर बसवतात.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता.

२७ एप्रिल, शनिवार

बिराला त्याची प्रत मिळाली. जेवणाच्या सुट्टीत आला घेऊन. "अण्णा, वाचा की. इंग्रजीत हाय." कागद दोन्ही हातांत, देवाचा प्रसाद धरावा तसा.

मी वाचला. पुन्हा वाचल्यासारखं केलं. म्हटलं, चोरीच्या वेळी तू भित्रेपणा केलास असं लिहिलंय, त्याचं उत्तर मागतायत.

त्याचा चेहरा उजळला! "येवडंच व्हय? मग खरंच हाय की ते. मी तर भ्यालोच हुतो. तसं लिवून द्या. व्हय, भ्यालो, म्हनावं. खोटं कशाला बोलायचं?"

म्हटलं बघतो. गेला. चालताना शिट्टी मारत होता, चोरांपुढे कोरडं पडलेलं तोंड आता ओलं झालेलं दिसतं.

आणि माझं काय होऊन बसलं पाहा. त्याने खरं सांगितलं की हो, मी भ्यालो, की मुंबईत त्याचा अर्थ : हो, मी कॉवर्ड. गुन्हा कबूल. गणपती करायला गेलो नि माकड झालं, आता त्या माकडाच्या हातात कोलीतही मीच दिलं.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी वाचनालयात. मोठा इंग्रजी कोश मागितला, तो कुणी मागत नाही, धूळ झटकून दिला. बराच वेळ बसलो.

टिमिडला भीती लवकर वाटते, एवढंच. त्यात पाप नाही. सशालाही तोच शब्द लावतात, लहान मुलालाही. कॉवर्ड भीतीपोटी जे करायचं ते टाकतो, पाठ फिरवतो, आणि त्याला लाज वाटायला हवी असं तो शब्द म्हणतो. टिमिड माणूस आपल्या जागी उभा राहू शकतो. कॉवर्डला वाघाचीच भीती हवी असं नाही, साध्या गोष्टीची चालते. पहिल्या शब्दाने माणसाचं मन सांगितलं, दुसऱ्याने त्याची अब्रू घेतली.

आपल्याकडे काय कमी शब्द आहेत? बुजरा आहे, भ्याड आहे, पळपुटा आहे. सा.नी भित्रा म्हटलं, त्यांच्या मनात बुजरा होतं. मी भ्याड लिहिलं. मराठीत सांगितलं असतं कुणी तर क्षणात कळलं असतं मला. इंग्रजीत गेलो नि डोळे मिटले.

दुपारी जेवण गेलं नाही. आई म्हणाली ऊन लागलं.

२९ एप्रिल, सोमवार

सांगितलं बिराला. अर्धं. गिरणीच्या मागच्या लिंबाखाली बसवून सांगितलं की बाबा, कागदातला शब्द नुसता भित्र्याचा नाही. भीतीने काम टाकून पळाला त्याला म्हणतात तो.

"पळाला?"

"हां."

"मी कुटं पळालो? दारातच हुतो की. रखमाजीला इचारा."

"मला माहीत आहे रे."

"मग सायेबांनी आसं का लिवलं?"

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. शब्द तोंडाशी आले होते. तो शब्द माझा, सा.चा नाही, एका वाक्याचा प्रश्न. मी म्हटलं, साहेबांचं इंग्रजी मोठं आहे, घाईत गेलं असेल.

मग तो जे बोलला ते असं, आठवतंय तसं लिहितो : "अण्णा, भित्रा म्हना, नेभळट म्हना, शेळपट म्हना, मला काय न्हाय. हायच मी. पन आमच्यात लांडगा आला आन् कळप टाकून पळाला, त्या मानसाला कोन पोरगी देत न्हाय. त्याच्या पोरीलाबी कोन करून घेत न्हाय. माजा बाप लांडग्याला लई भ्यायचा. धोतर वलं व्हायचं त्येचं. पन कळप सोडला न्हाय कवा."

नोकरी जाईल याचं काहीच नाही त्याला. सा.ना तो पळपुटा वाटतो, याचं दुःख. सा.ना देव मानतो. म्हटलं जाऊन विचार त्यांना सरळ. तर नुसत्या कल्पनेनेच घाम फुटला. केबिनच्या दाराशी जाऊन तीनदा परत आला असं शिपाई सांगत होता.

२ मे, गुरुवार

दोन दिवस खपून बिराचं उत्तर तयार केलं. इंग्रजीत, फुलस्केप चार पानं. खरं सांगू, उभ्या जन्मात असं लिहिलं नव्हतं. टिमिड कोण, कॉवर्ड कोण, दोघांत फरक काय, उघडून दाखवलं. चाकू समोर असताना जो माणूस दार सोडत नाही, तोंड फुटल्यावरही अडीच तास सोडत नाही, गोडाऊनमधल्या एका चादरीला धक्का लागू देत नाही, त्याला पाय हलत नव्हते म्हणून कॉवर्ड म्हणायचं? पाय हलत नव्हते म्हणूनच तो पळाला नाही. भीती हा गुन्हा असेल तर मग गिरणीत निर्दोष कोण उरेल? असं बरंच.

बिराला मराठीत वाचून दाखवलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "येवडं माज्यासाटी लिवलंसा अण्णा?" माझे पाय धरायला वाकला. मी ओरडलो त्याच्यावर. फार वाईट ओरडलो. बिचारा घाबरून भिंतीला चिकटला.

चार पानांत सगळं आहे, एक ओळ नाही. हा शब्द साहेबांचा नाही, टाइपिस्टचा आहे. ती ओळ घातली असती तर बाकी चार पानांची गरजच नव्हती.

घरात कायमची नोकरी माझी एकट्याची. अण्णांचा दमा. गोपनीय कागदात टाइपिस्टने आपल्या मनचा शब्द घातला म्हटल्यावर मला क्षणभर ठेवतील का? आणि सा.चं काय? सही न वाचता करतात हे बाहेर आलं तर त्यांचंही हसं, वर्षभरावर रिटायरमेंट. हे सगळं खरंच आहे. पण हे सगळं मला ती ओळ गाळल्यावर सुचलं, आधी नव्हे.

१० मे, शुक्रवार

उत्तर पोच झाल्याची पावती. बिरा दिवसाआड विचारतो. मी मागच्या जिन्याने ये-जा करतो हल्ली.

२० मे, सोमवार

आज जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मुंबईहून सा.ना पत्र. संबंधित वॉचमनने शब्दाच्या अर्थाबद्दल बरेच मुद्दे मांडले आहेत, त्यांत तथ्य वाटतं. तरी शेरा देणाऱ्या अधिकाऱ्याने कळवावं, हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे का, की सौम्य शब्द अभिप्रेत होता? म्हणजे दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसतं आत जायचं होतं.

सा.नी बोलावलं. मी वाचून दाखवलं. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "मी भित्रा म्हटलं होतं ना हो? कॉवर्ड म्हणजे भित्राच ना?"

केबिनमध्ये पंखा चालू होता. टेबलावर त्यांचा पेढ्यांचा पुडा होता, नातू झालाय त्यांना, मला दोन पेढे आधीच दिले होते. तोंडात पेढा होता माझ्या.

म्हटलं, होय साहेब. भित्राच.

"मग झालं तर. लिहा, शब्द बरोबर आहे म्हणून." आणि मग म्हणाले, "वाईट वाटतं हो त्याचं. पण आपला शब्द आपणच कसा फिरवायचा?"

टाइप केलं. दोन ओळी. बोट ठेवलं. सही झाली.

सा. टिमिडसुद्धा नाहीत. साधे आहेत, आंधळेपणाने विश्वास टाकतात. आणि मी? चाकू कुणी दाखवला होता मला? ठोसा कुणी मारला? पंख्याखाली, पेढा खात.

भ्याड. मराठीत लिहिलं म्हणजे कसं स्वच्छ दिसतं.

२१ मे

लखोटा दुपारपर्यंत जावक ट्रेमध्येच होता. काढता आला असता. दोनदा ट्रेपाशी गेलो. तीन वाजता शिपाई टपाल घेऊन गेला.

२७ मे, सोमवार

बिरा दोन दिवस गावी जाऊन आला. चेहरा पार उतरलेला. फाटकावर गाठ पडली, टाळता आलं नाही.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. कोण सांगतं असलं? हा सांगतो. की कागदात सायबांनी पळाला म्हणून लिहिलंय. तिने ऐकून घेतलं, पण शेजारच्या खोलीत मेव्हणे होते. थोरला सांगोल्याला वकिलाकडे कारकून आहे, त्याला कागद वाचता आला. त्याने भर पंगतीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. "आमची भैन पळपुट्याच्या घरी नांदाय न्हाय धाडायची." पोरगी बापाच्या मांडीवर बसली होती, तिला उचलून आत नेलं.

बायको काय म्हणाली विचारलं.

"कायबी न्हाय. डोक्यावरचा पदर वडून बसली."

मग म्हणाला, सायेब एकदा म्हणाले असते की बिरा पळाला न्हाय, तर मेव्हण्याला सांगितलं असतं. सायेबांना सांगायला तुम्ही याल का माझ्यासंगं? तुम्ही बोला, मी नुसता हुबा ऱ्हातो.

म्हटलं, बघू. बघू म्हटलं मी!

३ जून, सोमवार

हुकूम आला. साहेबांनी शब्द कायम केला असल्याने नाइलाज आहे. बदलीच्या यादीतून नाव कमी.

बिराने पट्टा, लाठी, टोपी, खाकी जोडी आणून दिली. जोडी धुऊन इस्त्री केलेली. कुणी सांगितलं होतं इस्त्री करायला? रजिस्टरवर अंगठा नाही, सही केली त्याने. मीच शिकवली होती गेल्या दिवाळीत. "बिरा" एवढंच, काना लांबडा. सा.च्या केबिनच्या दारातून लांबूनच नमस्कार केला, आत गेला नाही. सा. मान खाली घालून बसले होते. मला म्हणाले, "गेला का हो?" म्हटलं, गेला.

४ जून, मंगळवार

रजा टाकली. कारण लिहिलं : पोटदुखी.

दुपारी तीनच्या सुमारास बिरा आईला भेटायला आला. आज गावी जाणार. भिंतीच्या कडेला वळकटी ठेवली, ओट्यावर टेकला. आईने विचारलं परत कधी, तर नुसता हसला. आई आत चहा ठेवायला गेली. अण्णा झोपलेले, माग बंद. मी उंबऱ्यात उभा.

आणि मी बोललो. कसं बोललो, कुठून सुरुवात केली, काही आठवत नाही. साहेबांनी भित्रा म्हटलं होतं, दुसरा शब्द मी घातला. तुझं बरं व्हावं म्हणून घातला, थोडा मिरवायलाही घातला. मुंबईने पुन्हा विचारलं तेव्हाही मीच होय म्हटलं. सगळं सांगितलं. पेढ्यासकट.

मला वाटलं होतं उठून मारील. मारावं असं वाटत होतं. आणि त्याने विचारलं काय, तर :

"म्हंजी, सायेबांस्नी मी पळालो आसं वाटत न्हाय?"

"नाही. कधीच नाही. प्रामाणिक आहे म्हणाले होते."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय कळेना, बहुतेक दोन्ही. "मला वाटलं, सायेबांस्नी तसं वाटतं," एवढंच दोनतीनदा म्हणाला. मग शांत झाला. टोपी नाही आता डोक्यावर, केसांवर टोपीचा वळ तेवढा उमटलेला.

"सायेबांस्नी सांगितलंसा हे?"

"नाही."

"का वो?"

"भ्यालो."

"आसं," म्हणाला. राग नाही, टोमणा नाही. समजल्यासारखं म्हणाला, त्याला हा विषय माहितीचा आहे. मला तेच सोसवलं नाही, मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

परत आलो तेव्हा त्याचा विचार करून झाला होता. म्हणाला, "अण्णा, नोकरीचं ऱ्हाऊ द्या. तुमची बी जाईल, म्हातारं माणूस हाय घरात. मला एक कागद द्या. मराठीत. बिरा पळाला न्हाय, दारात हुबा हुता, कागदात शब्द पडला तो माज्या हातनं चुकून पडला, आसं. खाली तुमचं नाव, सही. मेव्हण्याला दाखवतो. बायकोला दाखवतो. बास."

आत येऊन बसलो. कागद घेतला.

मेव्हणा वकिलाकडे कारकून. असला सहीचा कागद हातात पडला तर तो काही पंगतीत वाचून घडी घालून ठेवणारा नाही. तो गिरणीला लावणार, मुंबईला लावणार, कोर्टात लावणार. बिराला यातलं काही कळत नाही. किंवा कळत असेल, मला आता त्याच्याबद्दल काही खात्रीने सांगता येत नाही.

लिहिलं. मराठीत सहा ओळी झाल्या, एकही शब्द शोधावा लागला नाही. एकदा फाडून नीट अक्षरात पुन्हा लिहिलं. तारीख घातली. "लिहून देणार" असं लिहिलं, त्याखाली सहीची जागा मोकळी आहे.

आईने चहा नेऊन दिला. बिरा बशीत ओतून पितोय, फुर्र आवाज इथपर्यंत येतो. मध्येच आईला पोरीच्या उंचीची खूण करून दाखवतोय, हात ओट्यापासून एवढा वर. आत डोकावून विचारत नाही, झाला का म्हणून.

सांगोल्याची गाडी साडेपाचला. पावणेपाच झाले आहेत. पेन हातात आहे.